उघड्यावरची चित्रशाळा

संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की स्थापनेची तारीख, पहिली कार्यकारिणी, देणगीदार आणि वर्षवार वृत्तांत या क्रमाने लेखणी आपोआप चालू लागते. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत टाऊन हॉलच्या बागेत भरणाऱ्या ‘मैफल रंगसुरांची’बद्दल लिहिताना मी तो क्रम मुद्दाम सोडतो आहे. रंगबहार संस्थेने या मैफलीला नाव दिलं, शिस्त दिली, गावाच्या वर्षात तिची जागा पक्की केली. त्याचं श्रेय संस्थेचंच. पण झाडाखाली बोर्ड टेकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत रंगवायला बसण्याची रीत या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रुजली होती. मला तीच मूळ संस्था वाटते. तिला कचेरी नव्हती, शिक्का नव्हता. रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ, जोतिबा आणि पन्हाळा याच तिच्या शाखा. आजची मैफल ज्या पायावर उभी आहे, तो पाया या स्मरणिकेत नोंदवला जावा, एवढ्यासाठी हा लेख.

पायाचा पहिला दगड आबालाल रहिमान यांचा. मुंबईत सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत संस्थानांतली हुशार मुलं तिथे जाऊ लागली. आबालाल त्यांतले एक. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं. असं पदक मिळालेल्या तरुणाने मुंबईतच राहावं, युरोपियन साहेबांची आणि शेठजींची व्यक्तिचित्रं करावीत, असा तो काळ होता. आबालाल कोल्हापूरला परतले. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले आणि पुढे आबालालांना दरबाराचा आश्रय मिळाला. महाराजांच्या शिकारीच्या मोहिमांबरोबर ते रानात जात, तिथली दृश्यं रंगवत. पण दरबारी कामाच्या पलीकडे त्यांचा जीव होता तो गावाभोवतीच्या पाण्यात आणि झाडीत. ते कोटितीर्थाच्या काठी राहत. त्या तळ्याचं पाणी, रंकाळ्याचा काठ, संध्यामठ, पंचगंगेवरची सकाळ, हेच विषय त्यांनी पुन्हा पुन्हा घेतले.

पुन्हा पुन्हा घेतले, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकदा रंगवून झालेल्या जागेकडे पाठ फिरवून नवा देखावा शोधत जाणारा चित्रकार वेगळा, आणि त्याच जागी ऋतू बदलला म्हणून परत जाऊन बसणारा वेगळा. आबालाल दुसऱ्या जातीचे. त्यांच्या उत्तरकाळातल्या निसर्गचित्रांत कंगोरे विरघळतात, पानापानांवरचं ऊन रंगाच्या लहान लहान ठिपक्यांनी उभं राहतं. फ्रान्समध्ये त्याच सुमारास उन्हाचा असाच पाठलाग चालू होता. आबालालांना मात्र त्यासाठी कोटितीर्थाच्या काठाबाहेर जावं लागलं नाही. रोज त्याच पाण्याकडे पाहिलं की ते पाणीच शिकवतं.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्यानंतर मन उडालेल्या आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कुणी वीस हजार म्हणतं, सांगणाऱ्यागणिक आकडा बदलतो. ही कथा मैफलीच्या दिवशी एखादा तरी म्हातारा नव्या मुलांना सांगतोच, आणि मुलं गप्प होऊन ऐकतात. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल गेले. मागे उरलेली चित्रं थोडी, आणि त्या थोड्यांतूनच कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांनी आपलं गाव पाहायला शिकून घेतलं.

दुसरी धार आली ती रंगभूमीच्या पडद्यांतून. नाटक कंपन्यांना जंगल हवं, नदीकाठ हवा, राजरस्ता हवा. आणि हे सगळं वीस-पंचवीस हात रुंदीच्या कापडावर, शेवटच्या रांगेतल्या माणसाला खरं वाटेल असं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ या कामात निष्णात होते, इतके की ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. कल्पनेने जंगल रंगवता येत नाही. आंब्याच्या बुंध्यावर दुपारी सावली कुठे पडते, पावसाळी आभाळाखाली पाणी कोणत्या रंगाचं दिसतं, हे बाहेर जाऊन पाहावंच लागतं. पडदा रंगशाळेत रंगला तरी त्याची तयारी उघड्यावर झालेली असे.

आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या कंपनीत उमेदवारी केलेल्या दामले-फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ उभारली, ती पुढे पुण्याला गेली. सिनेमाचा हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. इथे त्याचं काम एवढंच की ज्या डोळ्यांनी ‘संत तुकाराम’मधला गाव आणि नदीकाठ उभा केला, ते फत्तेलालांचे डोळे चित्रकाराचे होते आणि कोल्हापुरात घडले होते. त्या चित्रपटातला उजेड मला नेहमी घाटावरच्या सकाळची आठवण करून देतो. हे माझं वैयक्तिक मत, पण मी त्यावर ठाम आहे.

बाबूरावांनी शाळा काढली नाही, तरी त्यांच्याभोवती माणसं शिकत गेली. ती पद्धत तालमीची होती. वस्तादाने मातीत उतरून डाव दाखवायचा आणि पठ्ठ्याने तो अंगावर घेऊन शिकायचा. कोल्हापूरसारख्या कुस्तीच्या गावात चित्रकलाही अशीच शिकवली गेली, यात नवल नाही. गुरू स्वतः बसून रंगवणार, शिष्य मागे उभा राहून बघणार, मग कागद शिष्याच्या पुढ्यात येणार. दत्तोबा दळवींनी दळवीज् आर्ट्सच्या रूपाने या शिकवणीला घर दिलं, आणि पुढे कलानिकेतनसारखी महाविद्यालयंही आली. वर्ग झाले, वेळापत्रकं झाली, परीक्षा आल्या. पण ‘आउटडोअर’ गेलं नाही. आजही कोल्हापूरच्या कला विद्यार्थ्याला विचारा, पहिलं बरं लँडस्केप कुठे झालं? रंकाळ्यावर, घाटावर किंवा टाऊन हॉलमध्ये, असंच उत्तर येईल.

इथे थोडं गावाबाहेर पाहायला हरकत नाही. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये चित्रकला मंदिर सुरू केलं आणि मुलांना माळव्याच्या उन्हात बाहेर काढलं. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी त्या उन्हातून आले. हुसेनही काही काळ तिथेच होते. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर मुंबईत १९०८ पासून आपली कलासंस्था चालवत होते आणि जलरंगावर त्यांची हुकमत होती. मराठी मुलखाच्या अशा टोकाटोकांना निसर्गचित्रणाची ठाणी तयार होत होती. कोल्हापूरचं वेगळेपण एवढंच की इथे शाळेआधी रस्ता होता. चित्रकार रस्त्यावर बसे आणि गाव त्याच्या भोवती उभं राही.

या गर्दीतल्या दोन माणसांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाई माधवराव बागल यांना महाराष्ट्र ओळखतो तो सत्यशोधक, प्रजा परिषदेचे नेते, बिंदू चौकात डॉ. आंबेडकरांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, १९५० मध्ये, उभा करणारे कार्यकर्ते म्हणून. ते मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते, आणि निसर्गचित्र हा त्यांचा आवडता प्रांत होता, हे मागे पडतं. त्यांनी ‘कोल्हापूरचे कलावंत’ हे पुस्तक लिहून ठेवलं नसतं तर या लेखातली निम्मी माणसं आज आपल्यापर्यंत पोचलीच नसती. चित्रं काढणारे पुष्कळ असतात. शेजारच्या चित्रकाराबद्दल लिहून ठेवणारा क्वचित. म्हणून मी माधवरावांना या न नोंदलेल्या संस्थेचे पहिले चिटणीस म्हणतो.

दुसरे चंद्रकांत मांडरे. १९१३ मध्ये जन्मलेला हा देखणा नट भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’त महाराज झाला आणि घराघरांत पोचला. पण चित्रीकरण जिथे असेल तिथे कागद आणि रंग त्यांच्याबरोबर असत. पावडर शेडिंग हे त्यांचं खास माध्यम. कोरडी रंगपूड बोटाने, कापडाने कागदावर चोळत न्यायची. पाणी नाही, तेल नाही, आणि चुकलं तर झाकायला दुसरा थर नाही. धुक्यातले डोंगर, दूरवर विरत गेलेली झाडी या माध्यमात विलक्षण मऊ उतरते. राजारामपुरीतलं आपलं घर त्यांनी चित्रांसह लोकांसाठी सोडलं आणि तिथे त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय झालं. १७ फेब्रुवारी २००१ रोजी ते गेले. संग्रहालय पाहायला येणारा पाहुणा बहुधा नटाला भेटायला येतो आणि चित्रकाराला भेटून परत जातो.

ही मंडळी एकामागून एक काळाआड गेली. त्यांना अभिवादन कसं करायचं, असा प्रश्न मागच्या पिढीपुढे आला असणारच. तसबिरीला हार, दोन मिनिटं स्तब्धता आणि भाषणं, ही वाट सरळ होती. रंगबहारने वेगळा मार्ग धरला: दिवंगत चित्रकारांची आठवण चित्रं काढून करायची, आणि तीही लोकांच्या मध्ये बसून. बरोबर गाणं ठेवायचं. कोल्हापूर जितकं चित्रांचं तितकंच सुरांचं गाव. खाँसाहेब अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि जयपूर घराण्याची गायकी इथेच बहरली. एका झाडाखाली तंबोरा आणि दुसऱ्या झाडाखाली पॅलेट, अशी मांडणी इथे कुणाला उसनी वाटली नाही.

जागाही पारखून घेतलेली. टाऊन हॉलची इमारत चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. नवा राजवाडाही त्यांचाच. आता टाऊन हॉलमध्ये सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत, रोमन समुद्रदेवाची ती प्रसिद्ध छोटी ब्राँझमूर्तीही आहे, आणि कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची चित्रंही आहेत. म्हणजे भिंतीच्या आत गुरू टांगलेले, आणि बाहेर बागेत शिष्यांचे शिष्य ओल्या रंगात बोटं घालून बसलेले. मैफलीच्या सकाळी मी मुलांना आधी आत जाऊन यायला सांगतो. आतलं चित्र पाहून बाहेर आलेला मुलगा आपल्या कागदाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो, हे अनेकदा दिसलं आहे.

दिवस थंडीचा निवडण्यामागे व्यवहार आहे. जलरंगाचं अर्धं काम हवा करते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा पाण्याने भरलेली असते. आभाळाचा एक वॉश दिला की तो सुकायला अर्धा तास, आणि तोवर कागद फुगून बसतो. उन्हाळ्यात उलटं होतं, ब्रश उचलेपर्यंत कडा वाळून रेघ उमटते. थंडीतली सकाळ मधली. वॉश पसरवायला वेळ मिळतो आणि दुसरा थर द्यायला फार थांबावंही लागत नाही. शिवाय ऊन तिरकं असतं, सावल्या लांब पडतात आणि टाऊन हॉलच्या दगडी भिंतीवर झाडांची नक्षी उतरते. दुपारी बाराच्या सपाट उन्हात तीच भिंत मुकी होते.

बागेत सगळेच निसर्गचित्रं काढत नाहीत. कुणी समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र करतो, शिल्पकार शाडूच्या मातीत मुखवटा उभा करतात, कुणी रांगोळीत चेहरा रेखाटतो, तर कुणी अमूर्ताच्या वाटेला जातो. पण मैफलीचा कणा निसर्गचित्राचाच आहे असं मी म्हणतो, कारण इतर सगळी कामं चार भिंतींतही होऊ शकतात. उघड्यावर बसण्याची गरज निर्माण झाली ती झाडापायी आणि उन्हापायी.

या कामाची जात कळावी म्हणून घाटावरच्या चित्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो. मैफल बागेत भरते, पण तिची तालीम वर्षभर पंचगंगेवर चालते. घाटाचे दगड काळे. पात्रात उतरलेली लहान देवळं काळी, दीपमाळा काळ्या. नवा मुलगा पहिल्याच दिवशी ट्यूबमधला काळा रंग काढतो आणि देवळाच्या जागी कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. मग कुणीतरी अनुभवी शेजारी बसतो आणि त्याच्या पॅलेटमधला काळा पुसून टाकायला लावतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळायला सांगतो. निळा जरा वर ठेवला तर सावलीतला दगड, तपकिरी वर ठेवला तर उन्हातला. संध्याकाळचं ऊन नदीपलीकडून येतं, त्यामुळे पायऱ्यांच्या आडव्या कडा उजळतात आणि उभ्या बाजू थंड राहतात. त्या उजळ कडांना रंग लावायचाच नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. हे ‘सोडणं’ शिकायला वर्षं जातात. पुरानंतरच्या महिन्यांत गाळ वाळून दगडांवर फिकट राखाडी थर बसलेला असतो, तेव्हा तोच घाट वेगळ्या मिश्रणाने काढावा लागतो. पाण्यातलं प्रतिबिंब शेवटी, एका ओल्या फटकाऱ्यात. त्यावर दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की पाणी गढूळ झालंच म्हणून समजा.

एवढं सगळं लोकांसमोर. घाटावर कपडे धुणारी बाई, दर्शनाला आलेलं कुटुंब, म्हशी धुवायला आलेला पोरगा, सगळे थांबतात. कुणीतरी हमखास विचारतं, दीपमाळ एकच का काढली, दोन आहेत की. चित्रकाराला उत्तर द्यावं लागतं. रचना म्हणजे काय, काही गोष्टी का वगळायच्या, हे साध्या मराठीत समजावून सांगायची सवय कोल्हापूरच्या चित्रकारांना अशी लागली. आणि गावालाही चित्र बघायची सवय लागली. कलादालनात पाऊल टाकायला संकोचणारा माणूस टाऊन हॉलच्या बागेत पोराला खांद्यावर घेऊन तासभर एका चित्रामागे उभा राहतो आणि कोरा कागद ते पुरं चित्र हा अख्खा प्रवास पाहतो. मैफलीने गावाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी हेच पहिलं सांगेन. चित्र कसं घडतं हे पाहिलेला माणूस चित्राची किंमत करताना घासाघीस करत नाही.

जुन्या नावांची ही मालिका वाचताना एक गोष्ट खुपते आणि ती लिहायलाच हवी. सगळी नावं पुरुषांची आहेत. घाटावर, तळ्याकाठी, रानात तासन्‌तास एकटीने बसणं बाईला शक्य नव्हतं, आणि निसर्गचित्र तर तिथे बसल्याशिवाय होत नाही. घरात रांगोळी, भिंतीवर चित्रं, गौरीची आरास करणाऱ्या हातांना रंगाची जाण कमी नव्हती. बसायला जागा नव्हती. मैफलीच्या बागेत आज मुली मोठ्या संख्येने इझल लावून बसतात. भोवती दहा माणसं उभी असताना शांतपणे आभाळाचा वॉश ओढणारी मुलगी पाहिली की या उत्सवाचं सामुदायिक असणं किती उपयोगाचं आहे ते कळतं. गर्दीच तिला सुरक्षित करते. मैफलीच्या पुढच्या इतिहासात ही नावं ठळकपणे यावीत, आणि ती आत्तापासून लिहून ठेवावीत.

दुसरी काळजी मोबाइलची. फोटो काढायचा, घरी जायचं, पडद्यावर मोठा करून त्यावरून चित्र करायचं, हे आता सर्रास चालतं. फोटोचा उपयोग मी नाकारत नाही. पण कॅमेरा सावली एकसारखी काळी करतो, आणि सावलीतच तर सगळी गंमत असते: दगडावर पडलेला आभाळाचा निळा, शेजारच्या पिंपळाचा हिरवा, पाण्यावरून उलटून आलेला उजेड. शिवाय फोटोतलं ऊन थांबलेलं असतं. स्पॉटवर बसलेल्या माणसाला दोन तासांत सरकणाऱ्या उन्हाशी झुंजावं लागतं, कोणत्या क्षणाची सावली धरायची ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं आणि त्या निर्णयाला शेवटपर्यंत चिकटून राहावं लागतं. जागेवर झालेल्या चित्रातला ताजेपणा या निर्णयातून येतो. मैफलीने फोटोवरून काम करण्याला थारा देऊ नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

आता जागांबद्दल. आरंभी ज्यांना शाखा म्हटलं, त्यांची अवस्था काय आहे? रंकाळा अजून कोल्हापूरकरांचा जीव आहे. चौपाटीवरून दिसणारा सूर्यास्त, पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, पलीकडे १९३०च्या दशकात उभा राहिलेला शालिनी पॅलेस, धुण्याची चावी, तांबट कमान. चित्रकाराला एका काठावर इतकं क्वचितच मिळतं. पण त्याच पाण्यावर केंदाळ पसरलेलं, सांडपाण्याने ते हिरवंगार झालेलं आपण पाहिलं आहे. काही चित्रकारांनी ते केंदाळही रंगवलं. त्या चित्रांना बक्षिसं मिळाली नसतील, पण तळ्याची ती साक्ष आहे. कोटितीर्थाच्या काठी १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली, आबालालांच्या डोळ्यांदेखत. पुढे मिलचा भोंगाही थांबला. तळ्याभोवती वस्ती दाटत गेली. आबालाल जिथे बसत असतील असं वाटतं तिथून आज त्यांच्या चित्रातलं दृश्य दिसत नाही.

आणि नदी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तसंच. घाटावरची देवळं त्याच्या कितीतरी आधीच दिसेनाशी होतात. पुराचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा भांडी, कपडे, वह्या यांच्याबरोबर चित्रंही भिजली. जलरंगाचं चित्र पाण्याने होतं आणि पाण्यानेच जातं. कागदाला बुरशी चढली की ते वाचवणं फार कठीण. कुणाच्या माळ्यावरच्या गुंडाळ्या, कुणाच्या आजोबांची वही, काय काय गेलं असेल! त्याची मोजदाद कुठल्याही पंचनाम्यात झालेली नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून १९१५ मध्ये सुरू झालेली ती वास्तू. पडदे रंगवणाऱ्या पेंटरांचं आणि त्या रंगभूमीचं नातं वर सांगितलंच. दुसऱ्या दिवशी, केशवरावांच्या जयंतीला, कलावंत आणि सामान्य माणसं जळक्या भिंतींपुढे उभी राहून रडली. त्या वास्तूचं बाहेरून केलेलं एखादं जुनं स्केच, एखादं निसर्गचित्र ज्यांच्याकडे होतं, त्यांनी ते त्या दिवसांत कपाटातून काढून पाहिलं असेल. जागेवर बसून केलेल्या चित्राचा हाही एक उपयोग असतो, आणि तो ती जागा गेल्यावरच लक्षात येतो.

म्हणून दोन कामं सुचवतो, एक मैफलीच्या चालकांना आणि एक वाचकांना. पहिलं: दर वर्षी बागेतल्या दिवसाच्या आधी आठवडाभर ठरावीक जागांवर बसावं. घाट, संध्यामठ, कोटितीर्थ, जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याची तटबंदी. जागा त्याच, चित्रकार बदलते. प्रत्येक जागेचं निदान एक चित्र संस्थेकडे राहावं. वीस वर्षांनी त्यातून गावाचा जो इतिहास हाती येईल तो कोणत्याही वृत्तांतात मिळणार नाही. आबालालांनी कोटितीर्थाच्या बाबतीत एकट्याने केलं ते सगळ्यांनी मिळून करायचं, इतकंच.

दुसरं काम वाचकांचं. आपल्या घरी कोल्हापूर परिसराचं जुनं निसर्गचित्र असेल, मग ते नामांकित हाताचं असो किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या तयारीत काकांनी केलेलं असो, ते उतरवून मागची बाजू पाहा. तिथे बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. जागा कोणती, साल अंदाजे कोणतं, काढणाऱ्याचं नाव काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. शाईने नको, ती पुढे फुटते. चित्र भिंतीला थेट टेकवू नका, मागे हवा खेळू द्या, आणि पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवू नका. मग सवडीने त्याचा एक स्वच्छ फोटो, दिवसाच्या उजेडात, काच काढून घ्या आणि पुढच्या मैफलीला येताना बरोबर आणा. बागेत नोंदीसाठी एक टेबल मांडावं, एवढी सोय संस्था आनंदाने करेल.